थॉमस टॉम्पियनची खिशातली घड्याळं : आतली रचना, अस्सलपणा आणि दुरुस्ती

काटेकोर
टॉम्पियनला 'इंग्लिश घड्याळकारीचा जनक' असं म्हणून लोक पुढे जातात. त्याच्या घड्याळाच्या पोटात नेमकं काय आहे यावर मराठीत फारसं कुणी लिहिलेलं नाही. या धाग्यात यंत्राबद्दलच बोलूया.

आधी थोडक्यात ओळख. बेडफर्डशायरमधलं इकवेल ग्रीन हे त्याचं गाव. वडील लोहार. नॉर्थहिलच्या चर्चमध्ये २५ जुलै १६३९ ला बाप्तिस्मा झाला. १६७१ मध्ये लंडनच्या क्लॉकमेकर्स कंपनीत प्रवेश, १६७४ मध्ये फ्लीट स्ट्रीटलगतच्या वॉटर लेनमध्ये दुकान. त्याच वर्षी शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकशी गाठ पडली आणि रॉयल सोसायटीसाठी क्वाड्रंट (कोन मोजायचं उपकरण) बनवण्याचं काम मिळालं. १६७६ मध्ये ग्रीनविच वेधशाळेसाठी वर्षभर चालणारी दोन मोठी घड्याळं त्याने बनवली. मृत्यू २० नोव्हेंबर १७१३, दफन वेस्टमिन्स्टर ॲबीत.

कळीचं वर्ष १६७५. त्याच्या आधी खिशातल्या घड्याळाच्या बॅलन्सला (मागेपुढे झुलणाऱ्या चाकाला) हेअरस्प्रिंग, म्हणजे केसासारखी बारीक सर्पिल स्प्रिंग, नव्हती. बॅलन्स नुसताच मागेपुढे ढकलला जायचा, त्यामुळे दिवसाला पाव-अर्धा तास चूक सहज व्हायची. जानेवारी १६७५ मध्ये डच शास्त्रज्ञ हायगेन्सने पॅरिसमध्ये थ्युरे या घड्याळकाराकडून सर्पिल स्प्रिंगचं घड्याळ करून घेतलं. ही कल्पना आपली, आधीची, असा हूकचा दावा होता. तो सिद्ध करण्यासाठी टॉम्पियनने दुसऱ्या चार्ल्स राजासाठी घड्याळ बनवलं. त्यावर शोधाबद्दल हूकचं नाव आणि १६५८ हे साल, तर घडणीबद्दल टॉम्पियनचं नाव आणि १६७५ असं कोरलं होतं. मूळ कल्पना कुणाची यावर आजही वाद होतात. पण स्प्रिंग बसवलेलं, रोज खिशात वापरता येईल असं घड्याळ सातत्याने, मोठ्या संख्येने आणि एकाच दर्जाचं बनवणं हे इंग्लंडमध्ये टॉम्पियनच्या कार्यशाळेनं करून दाखवलं, आणि माझ्या मते त्याचं खरं मोठेपण तिथे आहे.

रचना अशी : दोन पितळी प्लेट, मध्ये चार पिलर. एका बाजूला मेनस्प्रिंगचं (घड्याळ चालवणाऱ्या मुख्य स्प्रिंगचं) बॅरल, म्हणजे गोल डबी, दुसऱ्या बाजूला फ्यूजी, म्हणजे भोवऱ्यासारखा शंकू आणि त्यावर सर्पिल खाच. बॅरल आणि फ्यूजी यांना जोडणारी बारीक पोलादी चेन. पुढे मधलं चाक, तिसरं चाक, मग दाते उभे असलेलं कॉन्ट्रेट चाक, शेवटी क्राउन व्हील (मुकुटासारख्या दातांचं चाक) आणि त्याला आडवा व्हर्ज, म्हणजे बॅलन्सचा दांडा. व्हर्जवर दोन पॅलेट (दाते अडवणाऱ्या छोट्या पट्ट्या), त्यांच्यात साधारण ९० ते १०० अंशांचा कोन. व्हर्जच्या टोकाला बॅलन्स, आणि त्याच्यावर जाळीदार कोरलेला कॉक, म्हणजे बॅलन्सला वरून आधार देणारा तुकडा.

दातांचा हिशोब समजला की बाकी सगळं सोपं जातं. त्या पद्धतीच्या व्हर्ज घड्याळातला एक नेहमीचा संच घ्या. मधलं चाक ५४ दाते, पिनियन (पुढच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक) ६ : ९ पट. तिसरं चाक ४८, पिनियन ६ : ८ पट. कॉन्ट्रेट ४८, क्राउनचं पिनियन ६ : पुन्हा ८ पट. ९ × ८ × ८ = ५७६, म्हणजे क्राउन व्हील तासाला ५७६ फेरे घेतं. त्याला १५ दाते असतील तर प्रत्येक दात्याचे दोन ठोके, एकूण तासाला १७,२८० ठोके.

फ्यूजीचा हिशोब वेगळा. तिच्या चाकाला ४८ आणि मधल्या पिनियनला १२ दाते असतील तर फ्यूजीचा एक फेरा ४ तासांचा. साडेसात फेऱ्यांची खाच म्हणजे ३० तासांची चाल.

पितळी_पिलर
उत्तम सुरुवात. दोन प्रश्न. क्राउन व्हीलला दाते नेहमी विषमच का? आणि या घड्याळात वेळ पुढेमागे करायला मागे जी आकड्यांची छोटी तबकडी दिसते ती नेमकं काय करते?

निळी_कमान
पहिल्याचं उत्तर भूमितीत आहे. दोन पॅलेट क्राउन व्हीलच्या समोरासमोरच्या टोकांना असतात. एका टोकाला दाता पॅलेटवर असताना समोरच्या टोकाला फट हवी, तरच पॅलेट आळीपाळीने सुटतात. सम दाते असतील तर दाता आणि दाता समोरासमोर येतात आणि चाक अडकतं. म्हणून ११, १३, १५.

हिशोबाला एक पुरवणी. जुन्या दुरुस्तीत कुणी १५ दात्यांच्या जागी १३ दात्यांचं क्राउन व्हील बसवलं असेल आणि बॅलन्स व स्प्रिंग तीच ठेवली असेल, तर काटे १५/१३ पट वेगाने फिरतात. तासाला सुमारे ९ मिनिटं पुढे. रेग्युलेटर (वेळ पुढेमागे करणारी रचना) कितीही मागे घेतला तरी एवढा फरक भरून निघत नाही. असं घड्याळ समोर आलं तर स्प्रिंगच्या मागे लागण्याआधी दाते मोजा.

आता रेग्युलेटर. स्प्रिंगचं बाहेरचं टोक प्लेटवरच्या खुंटीत पिनने घट्ट बसवलेलं असतं. त्याच्या अलीकडे दोन बारीक पिना स्प्रिंगला दोन्ही बाजूंनी धरतात. स्प्रिंगची काम करणारी लांबी या पिनांपासून मोजायची. पिना पुढे सरकल्या, लांबी कमी झाली की घड्याळ जलद चालतं.

या पिना सरकवायच्या कशा, याची दोन उत्तरं त्या काळात एकाच वेळी चालू होती. नॅथॅनिअल बॅरोच्या पद्धतीत स्प्रिंगचं शेवटचं टोक सरळ ठेवलेलं असे आणि एका लांब स्क्रूवर पिनांचा तुकडा पुढेमागे जाई. सरळ टोकामुळे स्प्रिंगचा सर्पिल आकार बिघडायचा, म्हणून ती पद्धत फार टिकली नाही. टॉम्पियनच्या पद्धतीत पिना एका वक्र दातेरी पट्टीवर बसवल्या आहेत. पट्टी बॅलन्सच्या कडेने, स्प्रिंगच्याच वळणाने फिरते. तिला फिरवणारं छोटं चाक आकड्यांच्या तबकडीखाली असतं आणि तबकडीच्या मध्यातला चौकोनी दांडा चावीने फिरवायचा. पिना स्प्रिंगच्या वळणाबरोबर जात असल्यामुळे स्प्रिंग ओढली जात नाही. हीच रचना पुढे इंग्लिश व्हर्ज घड्याळांत शंभरहून अधिक वर्षं चालली.

व्यवहारातली एक गोष्ट. तबकडीवरचे आकडे मिनिटं किंवा सेकंद दाखवत नाहीत, त्या फक्त खुणा आहेत. एकदा अर्धा भाग फिरवा, २४ तास पहा, मग पुढचा निर्णय. दातांमध्ये थोडी ढिलाई असते, म्हणून दिशा बदलली की सुरुवातीचा थोडा भाग वाया जातो. नेहमी एकाच दिशेने येऊन थांबा.

थेम्सकाठ
अस्सल-नकलीच्या प्रश्नावर लिहितो, कारण टॉम्पियनच्या नावाच्या नकला त्याच्या हयातीतच सुरू झाल्या होत्या. १६९८ मध्ये इंग्लंडमध्ये कायदा झाला : यंत्राशिवाय रिकाम्या केस (घड्याळाच्या बाहेरच्या डब्या) परदेशी पाठवायला बंदी, आणि घड्याळावर बनवणाऱ्याचं नाव व ठिकाण सक्तीचं. नामांकित कारागिरांच्या नावाचा गैरवापर तेव्हाच एवढा वाढला होता.

पहिला पुरावा सही आणि क्रमांक. साधारण १६८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्याने घड्याळांना क्रमांक द्यायला सुरुवात केली. साधी घड्याळं, रिपीटर (दट्टा दाबला की वेळ वाजवून सांगणारी) आणि मोठी घड्याळं यांच्या मालिका वेगळ्या. एकूण संख्या साधारण ५,५०० खिशातली घड्याळं आणि ६५० मोठी घड्याळं अशी सांगितली जाते. सही काळानुसार बदलते. १७०१ च्या सुमारास एडवर्ड बँगर भागीदार झाला, तेव्हापासून १७०७-०८ पर्यंत दोघांची नावं. नंतर पुन्हा एकट्याचं. १७११ च्या सुमारापासून जॉर्ज ग्रॅहमसह. मृत्यूनंतर ग्रॅहमने तीच क्रममालिका पुढे चालवली. म्हणून सही आणि क्रमांक जुळायला हवेत. बँगरच्या काळातला क्रमांक आणि सही एकट्या टॉम्पियनची असेल तर थांबून नीट पहा.

दुसरं, बॅलन्सवरचा कॉक. इंग्लिश घड्याळात तो एका बाजूला रुंद पायावर एकाच स्क्रूने बसतो. दोन्ही बाजूंना पाय असलेला पूल युरोप खंडातला. पूल आणि वर 'टॉम्पियन, लंडन' अशी सही दिसली तर तो परदेशी नकलीचा प्रकार समजावा.

तिसरं, तबकडी. त्याच्या घड्याळांची तबकडी सोन्या-चांदीची, कोरून खोलगट केलेल्या आकड्यांत काळं मेण भरलेली. पांढऱ्या इनॅमलची तबकडी इंग्लंडमध्ये त्याच्या मृत्यूनंतर, १७२५ च्या आसपास रुळली. ती असेल तर तबकडी नंतर बदललेली आहे, किंवा यंत्रच त्याचं नाही.

चौथं, केस. इंग्लंडमध्ये १७९८ पर्यंत सोन्याचा कायदेशीर दर्जा २२ कॅरट हा एकच होता. १८ ची खूण असलेली केस त्याच्या काळातली असूच शकत नाही. १७७० च्या दशकातला पूर्ण हॉलमार्क असेल तर केस नवीन घडवलेली. बाहेरची आणि आतली अशा दोन केसच्या जोडीतली बाहेरची हरवलेली किंवा बदललेली असणं फार सामान्य आहे. त्यामुळे किंमत कमी होते, यंत्र खोटं ठरत नाही.

पितळी_पिलर
१६७५ च्या आधीची घड्याळं नंतर स्प्रिंग बसवून 'सुधारली' गेली, असं ऐकलं आहे. ते कसं ओळखायचं?

थेम्सकाठ
वरच्या प्लेटवर बुजवलेली भोकं शोधा. जुन्या वेळ-नियंत्रकाचे स्क्रू काढून तिथे पितळेची खुंटी ठोकलेली असते. तिरप्या उजेडात ती गोल कड दिसते, कारण दोन पितळांचा रंग थोडा वेगळा असतो. कोरीव नक्षी मध्येच तुटते. बॅलन्सला जागा करण्यासाठी कॉक उचललेला किंवा पूर्ण बदललेला असतो.

फ्यूजीही पहा. आधी चेनऐवजी आतड्याची तार असायची. तिच्यासाठीची खाच तळाला गोल, चेनसाठीची खाच सपाट आणि चौकोनी कडांची. गोल खाच नंतर सपाट केली असेल तर तिच्या कडा एकसारख्या जाडीच्या राहत नाहीत.

घटिकापात्र
माझ्याकडे व्हर्ज-फ्यूजी घड्याळ आहे (टॉम्पियनचं नाही, अठराव्या शतकातलं साधं इंग्लिश). चावी दिल्यावर पहिले काही तास भरभर पुढे जातं आणि संध्याकाळी मागे पडतं. रेग्युलेटरने जमत नाही. कारण काय?

काटेकोर
हा रेग्युलेटरचा प्रश्न नाही, सेटअपचा आहे. व्हर्जमध्ये क्राउन व्हील आणि पॅलेट यांचा स्पर्श कधीच सुटत नाही. त्यामुळे जोर वाढला की घड्याळ जलद आणि जोर कमी झाला की सावकाश. फ्यूजी याच कारणासाठी आहे. स्प्रिंग पूर्ण गुंडाळलेली, जोराची असते तेव्हा चेन शंकूच्या अरुंद भागावरून ओढते, आणि स्प्रिंग सैल होत जाते तशी रुंद भागावरून. त्यामुळे चाकांपर्यंत जाणारा जोर सारखा राहतो.

पण हे तेव्हाच नीट जुळतं जेव्हा चेन पूर्ण उतरलेली असतानाही स्प्रिंगमध्ये थोडा ताण उरतो. त्याला सेटअप म्हणतात, सहसा अर्धा ते एक फेरा. तो बॅरलच्या दांड्यावर द्यायचा. टॉम्पियनच्या काळच्या घड्याळात त्यासाठी दोन प्लेटच्या मध्ये आडवा स्क्रू आणि त्यात गुंतलेलं छोटं चाक असतं. नंतरच्या घड्याळांत तबकडीखाली रॅचेट (तिरप्या दातांचं चाक) आणि क्लिक (ते उलटं फिरू न देणारा अडसर).

तुमच्या घड्याळाची लक्षणं सांगतात की उतरलेल्या टोकाला जोर कमी पडतोय. सेटअप थोडा वाढवा. तो वाढवला की सुरुवातीचा जोरही वाढतो, पण शेवटचा त्याहून जास्त प्रमाणात वाढतो, म्हणून दोन्ही टोकं जवळ येतात. उलट लक्षण असेल, म्हणजे शेवटी जलद, तर सेटअप कमी करा.

अंदाजाने करू नका. फ्यूजीच्या चौकोनावर बसणारी, सरकतं वजन असलेली लांब दांडी मिळते, फ्यूजी रॉड. बॅलन्स आणि मधली चाकं काढून, फक्त बॅरल, फ्यूजी आणि चेन बसवून वजन असं ठेवा की पहिल्या फेऱ्यात दांडी आडवी तोलून राहील. मग शेवटच्या फेऱ्यात तपासा. दोन्हीकडे तोल सारखा आला की सेटअप बरोबर. मधल्या फेऱ्यांत फरक येत असेल तर मेनस्प्रिंग बदललेली आणि फ्यूजीशी न जुळणारी आहे. चुकीच्या जाडीची नवी स्प्रिंग हा या घड्याळांतला फार मोठा आजार आहे.

निळी_कमान
काटेकोर यांच्याशी पूर्ण सहमत. मात्र घटिकापात्र, यंत्र उघडण्याआधी ताण पूर्ण उतरवा. हे न करता कॉक काढला तर बॅलन्सचा अडसर जातो, सगळी चाकं एकदम सुटतात आणि क्राउन व्हीलचे दाते वाकतात किंवा तुटतात. नव्या माणसाकडून घड्याळ कायमचं बिघडण्याचं हे पहिलं कारण.

घड्याळ चालत असेल तर पूर्ण उतरू द्या. मग बॅरलच्या दांड्याच्या चौकोनावर घट्ट बसणारी चावी लावा, ती हातात धरून क्लिक मोकळी करा, आणि चावी हळूहळू बोटांतून फिरू द्या. आडव्या स्क्रूची रचना असेल तर काम सोपं आहे, स्क्रू उलटा फिरवत राहा. चेन सैल पडली की मगच कॉकला हात लावा.

कॉक काढण्याआधी स्प्रिंगची पिन खुंटीतून काढा. पिन नेमकी कुठे धरते त्याची खूण कागदावर काढून ठेवा. पुन्हा बसवताना तीच जागा चुकली की ठोके लंगडतात.

घटिकापात्र
धन्यवाद. ठोके लंगडण्याबद्दल सविस्तर सांगाल का? माझं तबकडी वर ठेवली तर चालतं, खाली ठेवली तर काही मिनिटांत थांबतं.

निळी_कमान
तबकडी वर-खाली केल्यावर फरक पडतो म्हणजे आधी कॉन्ट्रेट चाक तपासा. ते क्राउनच्या पिनियनला काटकोनात गुंतलेलं असतं. त्याला वर-खाली ढिलाई जास्त असेल तर एका बाजूला दाते खोल गुंततात, दुसऱ्या बाजूला सुटायला येतात. चिमट्याने चाक हलकेच उचलून पहा. ढिलाई जेमतेम जाणवावी, इतकीच हवी.

लंगडणं तीन कारणांनी येतं. पहिलं, बॅलन्स मध्यावर नाही. स्प्रिंग शांत असताना दोन्ही पॅलेट क्राउन व्हीलपासून सारख्या कोनात हव्यात. तसं नसेल तर बॅलन्सच्या दांड्यावरची स्प्रिंगची पितळी कडी किंचित फिरवा. बरोबर जमलं की चावीचे दोन-तीन टिचके देताच घड्याळ आपण हलवल्याशिवाय सुरू होतं.

दुसरं, एका पॅलेटवर दाता जास्त अंतरावरून पडतो, दुसऱ्यावर कमी. अगदी थोडा ताण देऊन बॅलन्स लाकडी काडीने हळू फिरवा आणि दोन्ही पडण्यांची तुलना करा. फरक असेल तर क्राउन व्हीलचा पिव्हट (दांड्याचं बारीक टोक) व्हर्जच्या बरोबर रेषेत नाही. त्यासाठी पोटन्समध्ये (या पिव्हटला आधार देणाऱ्या कंसात) छोटा सरकता तुकडा असतो, तो केसाएवढा बाजूला सरकवा. दोन्ही पडणी सारखी पण मोठी असेल तर क्राउन व्हील व्हर्जच्या जवळ आणावं लागेल. फार जवळ आणलं की पॅलेट अडकून घड्याळ थांबतं.

तिसरं, क्राउन व्हीलच्या एका फेऱ्यात, म्हणजे १५ दात्यांमागे, तोच दोष परत परत येतो. मग एखादा दाता आखूड किंवा वाकलेला आहे. सगळे दाते एका उंचीचे करता येतात, पण त्यात उंची जाते आणि चाक पुन्हा पुढे आणावं लागतं. हे काम अनुभवी माणसाकडेच द्या.

पितळी_पिलर
चेन तुटली तर?

काटेकोर
तुटलेल्या कडीचा रिव्हेट काढा, बाहेरच्या दोन पट्ट्यांमध्ये आतली पट्टी बसवा, निळसर तापवलेल्या शिवणकामाच्या सुईचा तुकडा रिव्हेट म्हणून ठोका आणि दोन्ही बाजूंनी सपाट घासा. थोडासाही उंचवटा राहिला तर चेन खाचेच्या कडेवर चढते.

एखाद-दुसरी कडी गेली तर चालतं. जास्त कड्या गेल्या तर धोका आहे. चावी पूर्ण होत आली की चेन एक छोटा दांडा उचलते आणि तो फ्यूजीच्या टोकावरच्या नाकाला अडतो. हा स्टॉप चावी थांबवतो. चेन आखूड असेल तर दांडा उचलला जायच्या आधीच ती संपते आणि सगळा जोर हुकावर येतो. हुकांची अदलाबदलही करू नका. बॅरलकडच्या हुकाला टोकदार शेपूट असतं, फ्यूजीकडचा हुक गोलसर असतो.

थेम्सकाठ
माझं मत इथे थोडं वेगळं आहे आणि ते सांगणं मला गरजेचं वाटतं. वरचे सगळे सल्ले साध्या व्हर्ज घड्याळासाठी योग्य आहेत. पण हाती खरंच टॉम्पियन आला तर दाते घासणं, पॅलेट पॉलिश करणं, पिव्हटची भोकं नवीन पितळाने बुजवणं यातलं काहीही करू नये. पितळी क्राउन व्हीलवर धूळ रुतते आणि ती पोलादी पॅलेटमध्ये खाच पाडते. ती खाच तीनशे वर्षांच्या वापराचा पुरावा आहे. घासली की पुरावाही जातो आणि पॅलेटचा मूळ कोनही.

काटेकोर
तत्त्वतः मान्य. पण चालत नसलेल्या यंत्रात पुढच्या अभ्यासकाला सेटअप, रेग्युलेटरची चाल, ठोक्यांची संख्या यातलं काहीच तपासता येत नाही. माझ्या मते मधला मार्ग असा : झीज झालेला मूळ भाग काढून नीट लेबल लावून यंत्राबरोबरच जपावा आणि हुबेहूब नवा भाग बसवावा. मूळ भागावर कानस चालवू नये.

थेम्सकाठ
हे पटतं. बदललेल्या भागावर तारीख आणि खूण मात्र हवी, नाहीतर पन्नास वर्षांनी पुन्हा हाच गोंधळ.

लोलक
आत्तापर्यंतचा धागा व्हर्जवर आहे. टॉम्पियनने व्हर्ज सोडून दुसरं काही केलं नाही का? सिलिंडर त्याचाच ना?

निळी_कमान
सिलिंडर एस्केपमेंट (व्हर्जसारखीच, चाकाचा एकेक दाता अडवून सोडणारी रचना) जॉर्ज ग्रॅहमने १७२६ च्या सुमारास वापरात आणली. तिची एक वाट मात्र टॉम्पियनपर्यंत जाते. १६९५ मध्ये एडवर्ड बार्लो, विल्यम हॉटन आणि टॉम्पियन यांनी एका एस्केपमेंटचं पेटंट घेतलं. त्यात चाक व्हर्जसारखं उभं नाही, बॅलन्सच्या दांड्याला आडवं आहे आणि दाते दांड्यातच काम करतात. उभ्या क्राउन व्हीलची गरज गेली तर घड्याळ पातळ होऊ शकतं. ती रचना चालली नाही. ग्रॅहम १६९६ च्या सुमारास टॉम्पियनकडे आला, १७०४ मध्ये त्याच्या पुतणीशी लग्न केलं आणि पुढे भागीदार झाला. आडव्या चाकाचा हा प्रयत्न त्याच्या समोरच होता.

बार्लोचं नाव रिपीटरमध्येही येतं. त्याच्या कल्पनेवरून टॉम्पियनने घड्याळ बनवलं, पण डॅनिएल क्वेअर या दुसऱ्या घड्याळकाराने आपलं पुढे केलं. बार्लोच्या घड्याळात तास आणि पाव तास यांसाठी दोन दट्टे, क्वेअरच्या घड्याळात एकच. १६८७ मध्ये दुसऱ्या जेम्स राजाने क्वेअरच्या बाजूने कौल दिला. वापरणाऱ्याच्या दृष्टीने एक दट्टा खरंच बरा होता.

घटिकापात्र
सेटअप पाऊण फेऱ्यावर आणला आणि चाल बरीच सारखी झाली. कॉन्ट्रेटची ढिलाई घड्याळजींना दाखवणार आहे. शेवटचा प्रश्न : मुंबईच्या पावसाळ्यात हे ठेवायचं कसं? आणि उन्हाळ्यात ते दीड-दोन मिनिटं मागे पडतं, ते सामान्य आहे का?

काटेकोर
सामान्य आहे. पोलादी हेअरस्प्रिंग गरम झाली की मऊ पडते. तापमान भरून काढणारी कोणतीही सोय या घड्याळात नाही. एका अंश सेल्सियसला दिवसाचे साधारण ११ सेकंद धरा. दहा अंशांनी जवळपास दोन मिनिटं होतात. रेग्युलेटर ऋतूप्रमाणे थोडा हलवावा.

पावसाळ्यात खरा धोका चेन आणि हेअरस्प्रिंगला. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला, त्यांचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा. चामड्याच्या किंवा फोमच्या पेटीत ठेवू नका, दोन्ही ओल धरतात. चेनला तेलाचा हात लावून पूर्ण पुसून घ्या, ओली ठेवली तर धूळ चिकटते. चाकांच्या दातांना तेल अजिबात नको, फक्त पिव्हटना सुईच्या टोकावर येईल एवढं. आणि ठेवताना स्प्रिंग उतरलेली असू द्या.

थेम्सकाठ
लंडनला असणाऱ्यांसाठी : क्लॉकमेकर्स कंपनीचा संग्रह २०१५ पासून सायन्स म्युझियममध्ये आहे. ब्रिटिश म्युझियमचं घड्याळांचं दालन ३८ आणि ३९ क्रमांकाच्या खोल्यांत. दोन्हीकडे प्रवेशाला पैसे लागत नाहीत. छोटं भिंग बरोबर न्या आणि मागची बाजू दाखवणारी घड्याळं शोधा. रेग्युलेटरची तबकडी आणि कॉकचा पाय या दोन गोष्टी काचेबाहेरूनही नीट दिसतात.